पायाखाली ब्रेक नसलेली सीट

तीस वर्षं गाडीत डावीकडे बसून मी पोट भरलं. मोटार ट्रेनिंग स्कूलच्या गाडीला डाव्या बाजूलाही दोन पेडल बसवलेली असतात, क्लच आणि ब्रेक. उजवीकडे शिकाऊ माणूस घाम पुसत स्टिअरिंगशी झटत असतो आणि डावीकडे माझ्यासारखा एक जण ब्रेकवर पाय टेकवून ओरडत असतो. मी जरा जास्तच ओरडायचो. एका डॉक्टरीणबाईंना मी भर चौकात विचारलं होतं, "आरसा काय केस विंचरायला दिलाय का?" त्या रडल्या. पण पहिल्या झटक्यात टेस्ट पास झाल्या आणि पेढे घेऊन आल्या. लोक पेढे आणतायत तोवर आपलं बरोबरच आहे, असं मी धरून चाललो होतो.

या धंद्याने मला एक खोड लावली. पायाखाली ब्रेक नसेल तर मी डाव्या सीटवर बसत नाही. मित्राची गाडी असली की मी मुकाट्याने मागचं दार उघडतो. एकदा मेहुण्याच्या शेजारी बसून सप्तशृंगीला गेलो होतो, तर गडावर पोचेपर्यंत उजव्या पोटरीत गोळा आला. रस्ताभर मी नसलेला ब्रेक दाबत होतो.

माझी बायको सिन्नरला एका कार्यालयात कारकून होती. रोज नाशिकरोडहून एसटी, ती चुकली की जीप. जीपमध्ये चौथ्या सीटवर अर्धं बसून, मांडीवर डबा आणि पर्स घेऊन जायची. एक दिवस म्हणाली, "अहो, सगळ्या गावाला शिकवता, मला शिकवा की." मी म्हणालो, "रविवारी ये मैदानावर."

त्या रविवारी झालं ते असं. तिचा पाय क्लचवरून निघेना. एकदा सांगितलं, दोनदा सांगितलं. तिसऱ्यांदा मी ओरडलो, "अगं, पाय काढ तो! क्लचची प्लेट खाऊन टाकशील. तुझ्याच्याने नाही व्हायचं हे. तू आपली जीपनेच जा!" लिंबाखाली माझे तीन विद्यार्थी नंबर लावून उभे होते. ते हसले. ती हसली नाही. तिने गाडी थांबवली, न्यूट्रल केली, हँडब्रेक ओढला, इंजिन बंद केलं, किल्ली काढून माझ्या तळहातावर ठेवली आणि चालत मेन रोडला गेली. तो क्रम मला एवढ्यासाठी आठवतो की रागाच्या भरात माणूस हँडब्रेक हटकून विसरतो. ती विसरली नव्हती.

मी माफी मागितली नाही. दोन दिवसांनी पोळ्या गरम मिळायला लागल्या म्हणजे मिटलं, असा माझा हिशेब. अडीच-तीन महिन्यांनी एका संध्याकाळी चहाबरोबर बशीत पेढे आले. "कसले?" मी विचारलं. "लायसन्स मिळालं," ती म्हणाली. पंचवटीतल्या एका स्कूलमध्ये, म्हणजे माझ्या धंद्यातल्या दुसऱ्या माणसाकडे, ती ऑफिस सुटल्यावर दोन बस बदलून शिकायला जात होती. "तो ओरडत नाही," एवढंच तिने सांगितलं. मी पेढा खाल्ला नाही. आज त्या पेढ्याची मला लाज वाटते.

मग तिने स्वतःच्या पैशांनी एक जुनी, छोटी, पांढरी गाडी घेतली. अकरा वर्षं ती त्या गाडीने सिन्नरला गेली आणि आली. मोहदरीचा घाट, हायवेचे ट्रक, पाऊस, धुकं, सगळं एकटीने. सुरुवातीला म्हणायची, "बसा की, एक चक्कर मारून येऊ." मी म्हणायचो, "डावीकडे ब्रेक बसवून घे, मग बसतो." हा माझा ठरलेला विनोद होता. आधी ती हसायची. मग हसायची बंद झाली, आणि पुढे विचारायचीही.

घोटीला तिच्या मामेबहिणीच्या मुलीचं लग्न होतं. आम्ही नवरा-बायको एका घरातून, एका वेळी, एका लग्नाला दोन गाड्यांतून गेलो. मांडवात लोकांनी चेष्टा केली, "काय हो, वाटेत भांडण झालं का?" येताना तिच्या शेजारी तिची म्हातारी मावशी खुशाल बसली आणि डिकीत तांदळाचं पोतं. मी माझ्या ट्रेनिंगच्या गाडीत पुढे निघालो. मागे राहिलो असतो तर निदान ती चालवते कशी ते दिसलं तरी असतं. पण बायकोच्या गाडीमागून जायचं म्हणजे काय!

मागच्या वर्षी ऑफिसातच तिच्या डोक्यातली रक्तवाहिनी फुटली. दोन दिवस ती हॉस्पिटलात होती, शुद्धीवर आली नाही. दहाव्यानंतर तिच्याच चणीची एक मैत्रीण तिची गाडी सिन्नरहून चालवत घेऊन आली, आमच्या सोसायटीच्या पार्किंगमध्ये लावली आणि किल्ली माझ्या हातात दिली. मी गाडीवर कव्हर टाकलं. वर्षभर आत डोकावलो नाही. गाडी उभी राहून खराब होते, हे मी जगाला सांगतो. माझ्या खिडकीखाली तिचे टायर बसत चालले होते.

वर्षश्राद्ध झाल्यावर ती विकायची असं ठरवलं. एक शाळामास्तर बघायला आले. साधा माणूस, साधे प्रश्न. "पिकअप कसा आहे? क्लच हलका आहे का? बाई हळू चालवायच्या की जोरात?" मला एकाचंही उत्तर देता आलं नाही. मास्तरांनी माझ्या दारावरची ट्रेनिंग स्कूलची पाटी वाचली होती. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. दिव्याखाली अंधार म्हणतात तो हाच. मी त्यांना म्हणालो, "महिनाभराने या. आधी मी चालवून बघतो."

मला गाडी बघायची नव्हती. माझी बायको ती कशी चालवायची ते मला बघायचं होतं, आणि गाडी गेली की तेही गेलं असतं.

त्याच संध्याकाळी कव्हर काढलं, दार उघडून उजवीकडे बसलो, आणि बसल्या बसल्या सीट खटकन मागे सरकवली, आतला आरसा फिरवला, पट्टा ओढला. सीट, आरसा, पट्टा. तीस वर्षं हजारदा लोकांकडून घोकून घेतलेलं; हात आपोआप चालले. आरशात मागची भिंत नीट दिसली तेव्हा मी काय केलं ते माझ्या डोक्यात शिरलं. तिच्या पायांना पुरेल तेवढ्या अंतरावर तिने ती सीट ठेवली होती, तिच्या डोळ्यांच्या उंचीला तो आरसा लावला होता. अकरा वर्षांचं ते मी एका खटक्यात मोडून टाकलं. मी सीट पुन्हा पुढे घेतली, पण कितव्या खाचेत होती कुणाला माहीत? एक खाच पुढे, एक मागे करत बसलो. शेवटी स्टिअरिंगवर डोकं ठेवून रडलो. हॉस्पिटलात रडलो नव्हतो इतका.

पुढच्या आठवड्यात माझी एक जुनी विद्यार्थिनी आली. सिन्नरच्या एमआयडीसीत इंजिनिअर आहे. माझ्या ओरडण्याला उलट ओरडणारी आजवरची एकटीच मुलगी. तिला ऑटोक्रॉसचा नाद. म्हणजे मोकळ्या मातीच्या मैदानात शंकू मांडून वळणावळणाची वाट आखतात, एका वेळी एकच गाडी सोडतात, आणि कुणाला किती वेळ लागला ते मोजतात. शंकू पाडला तर वेळ वाढवतात, वाट चुकली तर फेरी बाद. गाडीबद्दल मी तिला सांगितलं, सीटचं सोडून. ती म्हणाली, "सर, रस्त्यावर चालवून गाडी कळायला सहा महिने लागतात. ऑटोक्रॉसच्या दोन फेऱ्यांत कळते. पंधरा दिवसांनी आहे. नाव देऊ का तुमचं?"

"आयुष्यभर लोकांना हळू चालवा म्हणून सांगितलं मी."

"मग हळू चालवा. तिथे कोण नाही म्हणतंय? आणि काकूंची गाडी चांगली आहे सर."

मला वाटलं, मन राखायला म्हणतेय.

गाडी टो करून मेकॅनिककडे नेली. माझ्या ट्रेनिंगच्या गाड्याही तोच बघतो. बॅटरी, टायर, ऑइल झाल्यावर मी म्हणालो, "क्लच प्लेट टाकून घे. अकरा वर्षांत तिने चाळण केली असेल."

तो हात पुसत म्हणाला, "सर, बाईंनी गाडी घेतली तवा मीच प्लेट टाकली व्हती. तीच हाय अजून. लय हलका पाय व्हता बाईंचा. तुमच्या गाडीची मी सालात दोनदा बदलतो." आणि पुन्हा बॉनेटखाली वाकला. अकरा वर्षं तिची गाडी त्याच्याकडे येत होती. मी सोडून सगळ्यांना माहीत होतं.

ते मैदान सिन्नर रस्त्याला आत आहे, लांबवर एकलहऱ्याच्या वीजकेंद्राच्या चिमण्या दिसतात. सकाळी टँकरने माती भिजवली होती. तपासणीला गाडी लावायच्या आधी ती पूर्ण रिकामी करावी लागते, कारण सुटी वस्तू वळणात अंगावर येते. माझ्या विद्यार्थिनीनेच हाताशी येऊन सगळं बाहेर काढलं: पायपुसणी, स्टेपनी, जॅक, छत्री, अर्धा भरलेला टिश्यूचा डबा. ड्रायव्हरच्या सीटखालून पातळ सोलचे कापडी बूट निघाले. जाड सोलमध्ये क्लच कळत नाही, गाडीत पातळ बुटांचा जोड ठेवा, हे मी प्रत्येक बाईला पहिल्या दिवशी सांगतो. तिलाही त्या रविवारी सांगितलं होतं, ओरडायच्या आधी.

फेरीआधी वाट पायी फिरून पाठ करायची असते. मी आणि ती मुलगी तीनदा चाललो. ती बोलत होती, मी ऐकत होतो, उलटी गंगा. "सर, शंकूकडे बघू नका, त्याच्या पुढच्याकडे बघा. जिथे बघाल तिथेच गाडी जाते. ब्रेक सरळ रेषेत संपवा, मग वळा. ब्रेक आणि वळण एकदम केलंत तर मातीत पुढची चाकं सरळच घसरतील. वळणांत सेकंड टाकला की तोच ठेवा, तिसरा फक्त सरळ पट्ट्यात. आणि पहिली फेरी जिंकायला नाही. पहिली फेरी गाडीला विचारायला, बाई गं, तुला काय चालतं?"

"हे सगळं मीच शिकवलंय तुला," मी म्हणालो.

"हो. मी फक्त ओरडत नाहीये."

पहिल्या फेरीत माझी शोभा झाली. झेंडा पडला, मी हेल्मेटच्या आत ओठ चावून क्लच सोडला आणि गाडी दोन गचके खाऊन बंद. हिचा क्लच पार वर येऊन धरतो, मला काय माहीत? पुन्हा सुरू केली. पहिल्या वळणाला मी सवयीने इंडिकेटर दिला. लोक हसले असणार, मला दिसले नाहीत. मग शंकू पडायला लागले, आणि सगळे डावीकडचे. तीस वर्षं मी रस्ता डाव्या सीटवरून पाहिलेला. उजवीकडे बसलो की माझा अंदाज फूटभर चुकतो आणि गाडी डावीकडे ओढली जाते. पाच शंकू पाडले. तिसरा गिअर टाकायला गेलो तर जाईना. जोर लावला, कर्रर आवाज झाला, तेवढ्यात वळण आलं, मी ब्रेक आणि स्टिअरिंग एकदम मारलं आणि गाडी माती उडवत वाटेबाहेर जाऊन थांबली. फेरी बाद.

बाहेर आलो. आता माझी विद्यार्थिनी मला काय म्हणेल याची मला धास्ती वाटत होती. खरंच वाटत होती. अठ्ठावन्न वर्षांचा मी, शाळेतल्या पोरासारखा मान खाली घालून उभा होतो. आजूबाजूला वीस-पंचवीस माणसं उभी. तिने तोंड उघडून नुसतं "अहो सर, तुमच्याच्याने..." असं जरी म्हटलं असतं तरी मी किल्ली तिच्या हातात देऊन चालायला लागलो असतो. आणि तेव्हा मला कळलं की लिंबाखाली तीन माणसं हसत असताना माझ्या बायकोला काय झालं होतं. अंदाजाने कळणं वेगळं आणि पोटात कळणं वेगळं. बारा वर्षं उशिरा कळलं.

मुलगी एवढंच म्हणाली, "गाडीने काय सांगितलं?"

"क्लच वर धरतो. गिअरला जोर लावलेला चालत नाही."

"मग नका लावू."

दुसऱ्या फेरीत मी मास्तरकी बाहेर ठेवली. क्लच जिथे धरतो तिथपर्यंत पाय आणून वाट पाहिली. गाडी कुरकुर न करता निघाली. पुढच्या शंकूकडे बघितलं, उजवीकडचे शंकू खांद्याशी ठेवून वाट काढली. सरळ पट्ट्यात दोन बोटांनी गिअर नुसता दाखवला, तर तिसरा लोण्यासारखा पडला. वळणाआधी ब्रेक संपवला, मग वळलो. गाडी जराशी घसरली आणि आपणहून सावरली. ही गाडी हलक्या हाताची होती. जोर केला की अडायची, सोडून दिलं की चालायची. अकरा वर्षं एका हाताने तिला तसं वळण लावलं होतं, आणि तो हात माझ्या घरात रोज मला ताट वाढत होता. एकही शंकू न पाडता मी आलो. शेवटून दुसरा नंबर. लोकांनी टाळ्या वाजवल्या, मला मात्र बायकोने हे बघावं असं झालं, आणि बघायला तर मीच जायला हवं होतं.

संपेपर्यंत दुपार उलटली. दोन फेऱ्यांनी मी पार थकलो होतो. मुलगी म्हणाली, "सर, किल्ली द्या, मी सोडते. माझी गाडी भाऊ आणेल." मी नेहमीप्रमाणे मागचं दार उघडलं. मागच्या सीटवर स्टेपनी, जॅक, पायपुसणी, छत्री, सगळा संसार रचलेला. बसायला वीतभरही जागा नव्हती. मग मी पुढे गेलो आणि त्या गाडीत पहिल्यांदा डावीकडे बसलो.

सीटची पाठ चांगलीच मागे कललेली होती. असं लोळून कोण बसतं, म्हणून मी सवयीने खटका शोधायला हात खाली नेला, आणि तसाच परत घेतला. या गाडीतलं आणखी काही हलवायची माझी हिंमत नव्हती. मी कललेल्या सीटवर ताठ बसलो.

गाडी हायवेला लागली. पहिल्या ट्रकपाशी माझा पाय मोकळ्या पत्र्यावर दाबला गेला. मुलीने पाहिलं आणि हसली. "काकू म्हणायच्या, सर डावीकडे बसले की गाडीला भोक पाडतील."

"तू कधी भेटलीस तिला?"

"रोजच की. दोन वर्षं. शिफ्ट सुटली की एमआयडीसीच्या गेटवरून काकू मला घ्यायच्या. शेवटपर्यंत. तुम्हाला माहीत नव्हतं?"

मला माहीत नव्हतं. ती रोज कुणाला तरी घेऊन येते, एवढं तिने मला कधीतरी सांगितलं असेल. गाडीचा विषय निघाला की मी पेपर वर धरायचो.

"मी तिच्या शेजारी कधीच बसलो नाही," मी म्हणालो. हे वाक्य मी जन्मात कुणापुढे बोललो नव्हतो. "एकदाही नाही."

एक ट्रक गेला, दुसरा गेला.

"कशी चालवायची गं ती?"

तिने विचार केला. मला वाटलं, आता ती क्लचचं सांगेल, गिअरचं, घाटातल्या ब्रेकचं. ती म्हणाली, "ते काही मला सांगता यायचं नाही, सर. मी कधी पाहिलंच नाही. ही सीट अशी मागे करायचे आणि घाट उतरायच्या आत मला झोप लागायची. रोज. दार आलं की काकू खांद्याला हात लावून उठवायच्या."

तीस वर्षांत माझ्या शेजारी कुणाचाही डोळा लागलेला नाही.